फुकटच्या ट्रामचा जमाखर्च

अमेरिकेच्या मध्यभागी, मिसूरी नदीच्या काठी वसलेल्या कॅन्सस सिटी या शहरात ६ मे २०१६ रोजी जी ट्रामगाडी सुरू झाली, तिच्यासाठी तिकीट काढावे लागत नाही, पास दाखवावा लागत नाही, आणि उतारूने खिशात हात घालावा असे एकही यंत्र तिच्या डब्यात वा थांब्यावर बसविलेले नाही. नदीकाठच्या जुन्या बाजारपेठेपासून, म्हणजे रिव्हर मार्केटपासून, १९१४ साली उभारलेल्या युनियन स्टेशनच्या भव्य इमारतीपर्यंतचे दोन मैलांहून किंचित अधिक अंतर कोणीही, कितीही वेळा, एक छदामही न देता तोडावे, अशी ही व्यवस्था आहे. तथापि गाडी हाकणाऱ्यास पगार लागतो, तारांतून वाहणाऱ्या विजेचे बिल येते, रूळ झिजतात, चाके घासतात, आणि मुळात हा सगळा सरंजाम उभा करण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज दरसाल भरावेच लागते. हा पैसा कोण भरतो, कोणत्या न्यायाने भरतो आणि कोणाच्या संमतीने भरतो, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले, की शहराची जमीन आणि शहराची वाहने यांचा एक जुना संबंध उलगडू लागतो.

तो संबंध समजण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. कॅन्सस सिटीत १८८५ पासून भूमिगत दोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्या होत्या, पुढे विजेच्या ट्रामगाड्या आल्या, आणि २३ जून १९५७ रोजी त्यांतली शेवटची गाडी बंद झाली. मुंबईची ट्राम त्यानंतर सातच वर्षांनी, ३१ मार्च १९६४ रोजी, इतिहासजमा झाली. त्या काळी अमेरिकेतील ट्रामकंपन्या खाजगी असत, आणि नगरपालिकेने त्यांना रस्ता वापरण्याची जी सनद दिलेली असे तिच्यात भाडे बहुधा पाच सेंटांवर कायम केलेले असे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मजुरी आणि पोलादाचे भाव भडकले, भाडे मात्र सनदेत अडकून पडले, आणि अनेक कंपन्यांचे दिवाळे वाजले. परंतु भाड्याच्या कमाईवर डोळा न ठेवणारेही त्या धंद्यात होते. लॉस एंजेलिसच्या आसमंतात हेन्री हंटिंग्टन या धनिकाने पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीचे रूळ दूरवर पसरले, ते त्या रुळांच्या कडेला त्याने आधीच घेऊन ठेवलेली ओसाड जमीन घरबांधणीसाठी विकता यावी म्हणून. गाडी तोट्यात चालली तरी त्याला चिंता नव्हती. जिथे गाडी जाते तिथल्या जमिनीचा भाव चढतो, आणि तो चढलेला भाव आपल्या पदरात पडला म्हणजे झाले, हा त्याचा हिशेब होता. ट्रामने निर्माण केलेली संपत्ती उतारूंच्या नाण्यांत थोडी आणि रुळांलगतच्या जमिनीत फार, हे सत्य जमिनीच्या व्यापाऱ्यांना अर्थशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी उमगले होते. आजची फुकट ट्राम हे त्याच सत्याचे नवे रूप आहे. फरक एवढाच, की तेव्हा तो चढलेला भाव जमिनीच्या मालकाच्या तिजोरीत राहत असे, आणि आता त्यातला काही अंश कराच्या रूपाने मागून घेऊन गाडीच्या खर्चाला लावला जातो.

मग निदान नाममात्र तरी भाडे का घेऊ नये, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर शहराच्या मध्यवस्तीतील प्रवासाच्या स्वभावात आहे. अमेरिकेत सार्वजनिक वाहतुकीच्या दैनंदिन खर्चापैकी भाड्यातून निघणारा वाटा करोनापूर्व काळातही देशभरच्या सरासरीने एक तृतीयांशाच्या आसपासच होता, आणि दोन मैलांच्या मार्गावर, जिथे उतारू पाचसहा चौक ओलांडून उतरतो, तो त्याहूनही कमी पडतो. त्यातही हे अल्पस्वल्प भाडे जमा करण्यासाठी थांब्याथांब्यावर यंत्रे बसवावी लागतात, ती बिघडली की दुरुस्त करावी लागतात, तपासनीस नेमावे लागतात आणि हिशेबाचे दफ्तर ठेवावे लागते. जमा झालेल्यातला बराच भाग जमा करण्यातच खर्ची पडावा, असा हा व्यवहार. शिवाय जो मनुष्य कचेरीतून जेवणासाठी सहा चौक पलीकडे निघाला आहे, त्याच्यापुढे चालत जाणे हा पर्याय सदैव उभा असतो. एक डॉलर मागितला की तो चालू लागतो, किंवा जातच नाही. गाडी फुकट असली की तोच मनुष्य चढतो, चार दुकाने अधिक हिंडतो, आणि त्याने केलेल्या खरेदीतून, आपण पुढे पाहू त्याप्रमाणे, गाडीचा खर्च काही अंशी परत येतो. भाड्याची पेटी नसल्यामुळे सर्व दरवाजे एकदम उघडता येतात, फलाटाच्या समपातळीवर असलेल्या डब्यात चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी विनासायास जाते, गाडी थांब्यावर कमी वेळ खोळंबते, आणि वेळापत्रक राखण्यास तेवढीच मदत होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे शहर ज्या मिसूरी राज्यात आहे त्याच्या कायद्यात एक अशी तरतूद आहे, की एखाद्या ठराविक हद्दीतील रहिवाशांनी न्यायालयाच्या देखरेखीखाली मतदान करून आपल्या हद्दीपुरते एक वाहतूक-विकास परिमंडळ स्थापावे, आणि त्या हद्दीपुरते कर बसवून त्यांचे उत्पन्न केवळ त्या वाहतूक-कामासाठीच वापरावे. कॅन्सस सिटीत सबंध शहराने ट्रामसाठी किंवा हलक्या रेल्वेसाठी कर द्यावा, असे प्रस्ताव वर्षानुवर्षे मतदारांपुढे येत राहिले आणि त्यांतून प्रत्यक्ष रूळ काही उभे राहिले नाहीत. तेव्हा ज्यांच्या दारावरून गाडी जाणार त्यांनाच विचारावे आणि त्यांच्याकडूनच घ्यावे, असा हा मार्ग निघाला. २०१२ साली टपालाने दोन वेळा मतदान झाले, पहिल्याने परिमंडळ स्थापण्यासाठी आणि दुसऱ्याने कर बसविण्यासाठी, आणि दोन्ही वेळा कौल अनुकूल पडला.

या करांची रचना मोठ्या बारकाईने केलेली आहे आणि ती थोडी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. पहिला कर म्हणजे त्या हद्दीतील विक्रीवर एक टक्का जादा विक्रीकर. दुसरा म्हणजे स्थावर मालमत्तेवरील विशेष आकारणी, आणि तिचे कमाल दर असे ठरविले गेले: व्यापारी मालमत्तेच्या दर १०० डॉलर आकारणी-मूल्यामागे ४८ सेंट, निवासी मालमत्तेमागे ७० सेंट, आणि खुद्द नगरपालिकेच्या मालकीच्या मालमत्तेमागे १ डॉलर ४ सेंट. राहत्या घरावर दुकानापेक्षा अधिक दर पाहून वाचक बुचकळ्यात पडेल. परंतु मिसूरीत निवासी मालमत्तेचे आकारणी-मूल्य बाजारभावाच्या १९ टक्के धरतात आणि व्यापारी मालमत्तेचे ३२ टक्के, त्यामुळे ३ लाख डॉलरच्या घरावर वर्षाला ३९९ डॉलर येतात, तर तेवढ्याच किमतीच्या दुकानावर सुमारे ४६१ डॉलर. चर्च, धर्मादाय संस्था यांच्यासारख्या एरवी करमुक्त असणाऱ्या मालमत्तांवरही एका किंमत-मर्यादेच्या वर आकारणी ठेवली गेली, हे विशेष. तिसरी आकारणी सर्वांत मार्मिक म्हटली पाहिजे: पैसे घेऊन मोटारी उभ्या करू देणाऱ्या उघड्या वाहनतळावर प्रत्येक मोटारीच्या जागेमागे वर्षाला ५४ डॉलर ७५ सेंट, म्हणजे बरोबर दिवसाला १५ सेंट. मध्यवस्तीतील मोक्याची जमीन मोकळी ठेवून तिच्यावर नुसत्या मोटारी उभ्या करणे हा ज्या शहरांचा जुना रोग आहे, तिथे या पंधरा सेंटांतून मालकाला रोज थोडेसे टोचले जाते, आणि त्याच वेळी गाडीच्या खर्चालाही हातभार लागतो.

या खात्रीच्या उत्पन्नाच्या तारणावर कर्जरोखे काढता आले. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे १० कोटी २० लाख डॉलर झाला. त्यात केंद्र सरकारच्या वाहतूक-अनुदान योजनेतून २०१३ साली मंजूर झालेले २ कोटी डॉलर होते, इतरही केंद्रीय साहाय्य होते, परंतु मोठा भार कर्जरोख्यांनी उचलला आणि त्यांची फेड परिमंडळाच्या करांतून होते. रूळ आणि डबे यांची मालकी नगरपालिकेची, कारभार पाहण्यासाठी स्ट्रीटकार ऑथॉरिटी नावाची ना-नफा तत्त्वावरील संस्था, आणि प्रत्यक्ष गाड्या चालविण्याचा व त्यांची निगा राखण्याचा मक्ता हर्झॉग या रेल्वेच्या धंद्यातील कंपनीकडे, अशी कामाची विभागणी आहे. संस्थेच्या संचालक मंडळावर नगरपालिकेचे आणि कर देणाऱ्या परिमंडळाचे असे दोघांचे प्रतिनिधी बसतात. म्हणजे ज्याचा पैसा त्याला खर्चाच्या बैठकीत स्थान आहे.

दैनंदिन चालविण्याची बाजू वरवर सोपी दिसते, पण ती तशी नाही. स्पेनच्या काफ कंपनीच्या घडणीचे पहिले चार डबे सिनसिनाटी शहराने मागविलेल्या डब्यांच्या करारातूनच घेतले गेले, जेणेकरून आराखड्याचा खर्च पुन्हा पडू नये. गाडी भर रस्त्यात, मोटारींच्या सोबतीने चालते, आणि तिची सारी अडचण तिथेच आहे. बसला अडथळा आला तर ती वळसा घालून जाते, ट्रामला रूळ सोडता येत नाहीत. कोण्या एका मोटारवाल्याने पांढऱ्या रेघेच्या बाहेर वीतभर चाक ठेवून गाडी उभी केली आणि तो कॉफी प्यायला गेला, की मागच्या सगळ्या गाड्या एकामागून एक खोळंबतात. म्हणून अशा मोटारी उचलून नेण्याची आणि दंड करण्याची व्यवस्था हा ट्रामच्या कारभाराचाच एक भाग होऊन बसतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी गाडी येईल हे वचन पाळले गेले तरच लोक वेळापत्रक न पाहता थांब्यावर येऊन उभे राहतात. फुकट पण बेभरवशाची गाडी कोणालाच नको असते. कॅन्सस सिटीत हे वचन बऱ्याच अंशी पाळले गेले असावे, कारण पहिल्याच वर्षात सुमारे २० लाख फेऱ्या उतारूंनी केल्या, जे पूर्वीच्या अंदाजाच्या दुपटीच्या आसपास होते, आणि पुढे डबे वाढवावे लागले.

इतर शहरांनी हाच प्रश्न निरनिराळ्या वाटांनी सोडविला. मिलवॉकीत २ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या ‘द हॉप’ या ट्रामला पोटावाटोमी या मूळ अमेरिकन जमातीच्या कॅसिनो-हॉटेलाने बारा वर्षांसाठी १ कोटी डॉलरचा आश्रय देऊ केला आणि त्याच्या बळावर पहिले वर्ष फुकट ठेवण्याची घोषणा झाली. ते वर्ष सरले तरी भाडे काही सुरू झाले नाही. तिथल्या बांधकामाचा एक हिस्सा मात्र भावी करवाढ गहाण टाकून उभारला गेला: रुळांमुळे आसपासच्या मालमत्तेची किंमत वाढेल, त्या वाढीव किमतीवर जो जादा कर येईल तो वीस-पंचवीस वर्षे वेगळा काढून त्यातून कर्ज फेडायचे. उद्या येणारे पीक आज तारण ठेवण्याचा हा प्रकार असून, पीक आले नाही तर बोजा सर्वसाधारण खजिन्यावर येतो, हे त्यात गृहीत आहे. सिनसिनाटीची कहाणी अधिक बोधप्रद आहे. तिथे डिसेंबर २०१३ मध्ये निम्मेअधिक करार झालेले असताना नव्या महापौरांच्या कारकीर्दीत काम थांबविण्यात आले, आणि चालविण्याच्या खर्चातली तूट भरून काढण्याची हमी एका खाजगी प्रतिष्ठानाने पुढाकार घेऊन दिल्यावरच ते काही आठवड्यांत पुन्हा सुरू झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये गाडी धावू लागली तेव्हा भाडे दोन तासांना एक डॉलर होते. उतारू अपेक्षेहून कमी मिळाले. २०२० मध्ये करोनाच्या साथीतील खंडानंतर गाडी पुन्हा सुरू झाली ती भाडे काढूनच, आणि पुढील काही वर्षांत उतारूंची संख्या पूर्वीच्या सर्व आकड्यांच्या वर गेली. तिथे नगरपालिका नव्या इमारतींना मालमत्ताकरात जी सूट देते, त्या सुटीतून वाचलेल्या रकमेचा काही भाग बिल्डरने ‘स्वेच्छेने’ ट्रामला द्यावा असा पायंडा आहे, आणि त्या स्वेच्छेवाचून सूट पदरात पाडून घेणे सोपे नसते, हे सर्वांना ठाऊक आहे.

या सगळ्यांच्या शेजारी दोन उदाहरणे ठेवली, की खरा फरक कशात आहे हे लक्षात येते. पोर्टलंड शहराने जानेवारी १९७५ पासून मध्यवस्तीत बसचा आणि नंतर हलक्या रेल्वेचाही प्रवास फुकट ठेवला होता, तो २०१२ मध्ये, वाहतूक-संस्थेच्या अंदाजपत्रकात खड्डा पडताच, पूर्णपणे बंद झाला. कॅन्सस सिटीतच मार्च २०२० मध्ये सबंध बससेवा फुकट करण्यात आली, त्या वेळी देशभर तिचे कौतुक झाले; पण तिचा भार नगरपालिकेच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकावर आणि साथीच्या काळातील केंद्रीय मदतीवर होता, आणि ती मदत सरताच, पाच वर्षांच्या आत, बसभाडे पुन्हा लावण्याची चर्चा त्या शहरात सुरू झाली. त्याच रस्त्यावरची ट्राम मात्र फुकटच राहिली. दोन्ही सेवा एकाच शहरात, एकाच काळात, जवळपास एकाच लोकमानसात चालल्या. फरक होता तो इतकाच, की ट्रामचे उत्पन्न कायद्याने तिच्यापुरते राखून ठेवलेले होते, आणि बसला दरसाल पोलीस, अग्निशामक दल आणि रस्तेदुरुस्ती यांच्या रांगेत उभे राहून आपला वाटा मागावा लागत होता.

परंतु या व्यवस्थेचा गुण जिथे आहे तिथेच तिचा दोषही आहे, आणि तो झाकून ठेवणे वाचकाशी अप्रामाणिकपणाचे होईल. हद्द आखली की आतले आणि बाहेरचे असे दोन वर्ग होतात. २०१२ च्या पहिल्या मतदानात पाचशेहूनही कमी मते पडली, आणि तेवढ्यांच्या कौलावर कोट्यवधी डॉलरच्या कर्जाचा पाया घातला गेला. ज्यांचे दुकान हद्दीत पण घर बाहेर होते, त्यांनी कर भरायचा आणि मत मात्र द्यायचे नाही, असा प्रसंग आला, आणि त्याविरुद्धची फिर्याद न्यायालयात टिकली नाही. एक टक्का विक्रीकर गरीब-श्रीमंत पाहत नाही. हद्दीतील वाण्याकडून भाजी नेणारा मजूर आणि हॉटेलात उतरलेला व्यापारी दोघेही तो सारख्याच दराने भरतात. मालमत्तेवरची आकारणी कायद्याने मालकाची असली तरी भाडेकरूच्या भाड्यातून ती वसूल होण्यास कोणी अडथळा करू शकत नाही. आणि ट्रामच्या वाटेवर जी नवी इमारत उभी राहते तिचे सगळे श्रेय ट्रामला देण्याची जी सवय नगरपालिकांना असते, तीही तपासून घेतली पाहिजे. कारण त्यांतल्या कित्येक इमारतींना करमाफीही मिळालेली असते, आणि त्या माफीवाचून त्या उभ्या राहिल्या असत्या की नाही, हे कोण सांगू शकेल?

या दोषाची जाणीव ऑगस्ट २०१४ मध्ये तीव्रतेने झाली. त्या वेळी रूळ दक्षिणेकडेच नव्हे, तर पूर्वेकडील इंडिपेन्डन्स ॲव्हेन्यू आणि लिनवुड या, तुलनेने गरीब आणि मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीय वस्तीच्या, भागातही नेण्याचा बेत होता, आणि परिमंडळ तितकेच विस्तीर्ण करून सर्वांवर कर बसवायचे होते. मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. ज्या भागात जमिनीचा भाव मुळातच कमी आणि तो चढण्याचा भरवसा त्याहूनही कमी, तिथल्या माणसाला ‘तुझ्या जमिनीचा भाव वाढेल, त्यातून कर भर’ असे सांगणे पटण्याजोगे नव्हते, आणि ते त्याने मानले नाही यात नवल नाही. २०१७ आणि २०१८ मध्ये जो नवा प्रस्ताव मान्य झाला, तो पुन्हा मेन स्ट्रीट या जुन्याच मार्गाच्या सरळ रेषेतला होता, आणि मालमत्तेवरची विशेष आकारणी रुळांपासून सुमारे एक तृतीयांश मैलाच्या आतच ठेवली गेली. सुमारे ३५ कोटी डॉलर खर्चाच्या, आणि निम्मे केंद्रीय अनुदान मिळालेल्या, त्या साडेतीन मैलांच्या विस्ताराचे उद्घाटन २४ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, आणि रूळ मिसूरी विद्यापीठाच्या दारापर्यंत गेले. वाटेत कंट्री क्लब प्लाझा लागतो, जो १९२३ पासून मोटारीतून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी वसविलेल्या पहिल्या बाजारांपैकी एक होय. पण जमिनीच्या भावावर उभी राहिलेली गाडी जिथे भाव आहे तिथेच धाव घेते, आणि जिथे तिची सर्वांत अधिक गरज आहे तिथे पोहोचण्यासाठी तिला दुसऱ्याच कोणत्या तरी पैशाची वाट पाहावी लागते, हा धडा त्या दोन मतदानांत स्पष्ट लिहिलेला आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. मुंबईत बेस्टने अनेक वर्षे बसची तूट विजेच्या नफ्यातून भरून काढली, म्हणजे फोर्ट-भायखळ्यातल्या वीजग्राहकाने बसच्या उतारूचा भार वाहिला, आणि त्याला तसे कोणी विचारले नव्हते. अलीकडे महाराष्ट्र शासनाने मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर या शहरांत खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो उपकर बसविला. जमिनीच्या भावातून वाहतुकीसाठी पैसा काढण्याचे तत्त्व तेच. परंतु स्थानकाच्या दारात दहा वर्षांपूर्वी घर घेऊन बसलेला मनुष्य या उपकरात एक पैसाही देत नाही, आणि मेट्रोपासून दूरच्या उपनगरात पहिले घर घेणारा तरुण तो पूर्ण देतो. म्हणजे लाभ एकाच्या घरी आणि आकारणी दुसऱ्याच्या दारी.

फुकट गाडी चांगली की वाईट, हा वाद म्हणूनच निष्फळ आहे, कारण फुकट अशी कोणतीच गाडी नसते. तिचे मूल्य कोणाकडून घ्यायचे हे ठरविताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात: ज्याला लाभ होतो त्याच्याकडून ते घेतले जाते काय, ज्याच्याकडून घेतले जाते त्याला विचारले जाते काय, आणि घेतलेला पैसा त्या गाडीखेरीज दुसरीकडे वळविता येणार नाही अशी कायद्याची भिंत त्याच्याभोवती उभी आहे काय. कॅन्सस सिटीने तिसरी गोष्ट पुरती साधली, पहिली बव्हंशी साधली, आणि दुसरीत ती उणी पडली. या तिन्हींपैकी एकही न तपासता जे शहर आपल्या उतारूंना भाडेमाफीचे आश्वासन देते, त्याची माफी पुढच्या अंदाजपत्रकापर्यंतच टिकते, आणि ती संपते तेव्हा सर्वांत आधी तिची झळ त्याच उतारूला लागते, ज्याच्या नावाने ती जाहीर केलेली होती.